गवंड्यांना साईटवर येऊन शिकवणारं ग्रीन बिल्डिंग ट्रेनिंग, पुणे: घ्यावं का?

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं, कारण धायरी-नऱ्हे भागातले बरेच छोटे ठेकेदार फोन करून विचारतायत. घ्या हे ट्रेनिंग. पाचपैकी चार स्टार देतो आणि एक का कापला तेही खाली लिहितो. संस्थेचं नाव इथे टाकत नाही, कारण ज्या तक्रारी आहेत त्या मी त्यांना समोर बसून सांगितल्यात आणि ती माणसं कामाला प्रामाणिक आहेत, नाव टाकून उगाच कुणाची ओढाताण व्हायला नको.

सर्व्हिस अशी आहे की तुमच्या चालू साईटवर त्यांचे दोन ट्रेनर येतात, आठवडाभर, रोज अर्धा दिवस, आणि गवंडी, बिगारी, प्लंबर, सेंट्रिंगवाले सगळ्यांना एकत्र शिकवतात. कमी सिमेंट, कमी पाणी, कमी राडारोडा आणि जास्त टिकणारं काम, हा सगळा विषय. एएसी ब्लॉक (विटेऐवजी वापरतात ते हलके, सच्छिद्र ब्लॉक), क्युरिंग (सिमेंटचं काम ओलं ठेवणं), गच्चीचं वॉटरप्रूफिंग, थोडा चुना, सोलर आणि पावसाचं पाणी असे भाग आहेत. फी माणशी साधारण गवंड्याच्या एका दिवसाच्या हजेरीइतकी, म्हणजे रोजाइतकी, पडते. माणसं कमी असतील तर दोन साईट एकत्र केलेल्या चालतात, आम्ही शेजारच्या प्लॉटवाल्या ठेकेदाराबरोबर मिळून घेतलं.

याची गरज का पडली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुण्यात आता साध्या बंगल्याचा मालकसुद्धा ग्रीन बिल्डिंग म्हणतो, मोठ्या स्कीमला गृहा नाहीतर आयजीबीसीचं रेटिंग (इमारत किती पर्यावरणपूरक आहे त्याचा दर्जा) असतं, सोलर हीटर, गांडूळखत, रेनवॉटर हार्वेस्टिंग असेल तर महापालिका मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देते, आणि २०१८ ला इको निवास संहिता (घरांमधल्या ऊर्जा बचतीची केंद्राची नियमावली) आली त्यात तर भिंतीतून घरात किती उष्णता यावी त्यालाही मर्यादा घातलीय. हे सगळं शिकायला आर्किटेक्टला कॉलेज आहे, इंजिनिअरला बालेवाडीत निकमार ही बांधकाम व्यवस्थापनाची संस्था आहे, कन्सल्टंट लोकांचे सेमिनार तर चालूच असतात. गवंड्याला काय आहे? तो सकाळी वारज्याच्या मजूर अड्ड्यावर उभा राहतो, कुणातरी उस्तादाच्या हाताखाली घमेली उचलत उचलत बघून शिकलेला असतो, आणि उस्तादाने शिकवलेलं असतं विटेचं काम. मग एक दिवस साईटवर एएसी ब्लॉकचा ट्रक येऊन उभा राहतो आणि आपण म्हणतो, चला लावा. ड्रॉइंगवर कितीही ग्रीन लिहा, शेवटी भिंत त्याच्या थापीने उभी राहते, आणि वर्षभरात तडे गेले की मालक म्हणतो ब्लॉकच भंगार आहेत, विटेचंच करायला पाहिजे होतं.

आता एएसीचा दिवस, कारण माझ्या मते पैसे तिथेच वसूल झाले.

ट्रेनरने पहिल्यांदा काही शिकवलंच नाही. आमच्या मोठ्या मिस्त्रींना म्हणाला, मामा तुम्ही लावता तसे दोन थर लावून दाखवा. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे बिगाऱ्याला सांगितलं ब्लॉक भिजव, त्याने पाईप लावून पार चिंब केले. ट्रेनरने थांबवलं आणि विचारलं, वीट का भिजवता? मिस्त्री म्हणाले, नाहीतर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि माल कोरडा पडतो. बरोबर उत्तर, शंभर टक्के बरोबर, आणि ट्रेनरने ते सगळ्यांसमोर बरोबर आहे असं म्हटलं हे मला फार आवडलं. मग त्याने सांगितलं की या ब्लॉकच्या पोटात नुसती हवेची भोकं आहेत, हा जेवढं पाणी पिईल तेवढा नंतर वाळताना आक्रसणार आणि तडा तिथूनच सुरू होणार. म्हणून फक्त धूळ झटकायची, फार तर ओला ब्रश फिरवायचा, आणि माल जो वापरायचा तो पाणी धरून ठेवणारा, म्हणजे तो बॅगेतला ब्लॉक ॲढेसिव्ह.

मग ॲढेसिव्ह कालवणं. आमच्याकडे सगळे पावडर ओततात आणि वरून अंदाजाने पाणी सोडतात. इथे उलटं, बादलीत आधी मोजून पाणी, मग पावडर, ढवळायचं, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं, परत ढवळायचं आणि घट्ट व्हायला लागलं की वरून पाणी मारून पुन्हा जिवंत करायचं नाही, टाकून द्यायचं. म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं. यात आमच्या बिगारी मावशी सगळ्यात पुढे निघाल्या, त्यांचं माप एकदाही चुकलं नाही.

त्यानंतर जे झालं ते सगळ्या ठेकेदारांनी बघायला पाहिजे. दातेरी थापीने माल पसरला, म्हणजे शेतात सऱ्या काढल्यासारख्या रेघा उमटल्या, मिस्त्रींनी ब्लॉक ठेवला, रबरी हातोड्याने ठोकला, पाणसळ बघितली, एकदम झकास लेव्हलमध्ये. ट्रेनर म्हणाला आता उचला. उचलून उलटा केला तर मधोमध पट्टा चिकटलेला आणि दोन्ही कडांना ब्लॉक कोराच्या कोरा, एक कणही लागलेला नाही. वरून भिंत सुंदर आणि आत निम्मी चिकटलेली. मिस्त्री बराच वेळ तो ब्लॉक हातात फिरवून बघत होते, मग काही न बोलता कडेपर्यंत माल ओढून परत लावला, परत उचलला, या वेळी सगळ्या रेघा पूर्ण दाबल्या गेलेल्या. उभ्या सांध्याचंही तेच. ते सांधे आपल्याकडे सर्रास रिकामे राहतात, गिलावा झाला की कोण बघतंय, पण आवाज, पाणी आणि तडा तिघेही तिथूनच येतात.

जाडी फक्त ३ मिलिमीटर. विटेच्या कामात सांधा १०-१२ मिलिमीटरचा असतो त्यामुळे वीट वाकडी असली तरी माल जास्त भरून सांभाळून घेता येतं, इथे ती सोय नाही. मग भिंत लेव्हलमध्ये येणार कशी, हा प्रश्न आमच्या एका तरुण गवंड्याने विचारला. उत्तर असं की सगळी लेव्हल पहिल्या थरात काढायची. खालचा पहिला थर साध्या सिमेंटच्या मालात, दोरी आणि ओळंबा लावून, त्याला कितीही वेळ लागू दे, तो एकदा काटेकोर बसला की वरचं काम पळतं. एक ब्लॉक सात-आठ विटांची जागा घेतो आणि वजनाला हलका, विटेच्या भिंतीत घनमीटरला १८०० किलोच्या आसपास जातात तिथे हा ५५० ते ६५० किलोचा, त्यामुळे खालच्या बीम-कॉलमवरचा भारही उतरतो. आणि एका दिवसात भिंत चढवायची किती, बीमखाली फट का सोडायची, कॉलम आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे जाळी ठोकल्याशिवाय गिलावा का करायचा नाही, हेही त्याच दिवशी झालं. इलेक्ट्रिशियनला मुद्दाम बोलावून घेतलं होतं कारण छिन्नी-हातोड्याने पाईपसाठी खाच मारली की आख्खा ब्लॉक हलतो, तिथे चेसर मशीनच पाहिजे. हे गवंड्याने सांगून इलेक्ट्रिशियन ऐकत नाही, ट्रेनरने सांगितलं तर ऐकलं.

क्युरिंगचा भाग छोटा होता पण पुण्याच्या पाण्याच्या हिशोबाने फार महत्त्वाचा. आपण बहुतेक सगळे पीपीसी सिमेंट वापरतो, त्यात १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश (वीजकेंद्रातली कोळशाची राख) असते, म्हणजे तेवढं क्लिंकर (सिमेंटसाठी भट्टीत भाजलेला माल) कमी आणि तेवढा धूर कमी (जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात ७-८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे). पण फ्लाय ॲशवालं सिमेंट ताकद सावकाश धरतं, म्हणून त्याला निदान १० दिवस ओलं ठेवायला पाहिजे, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत १४. आपल्याकडे चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी मारणारा माणूस दुसऱ्या कामाला लावला जातो. सगळं रेटिंग, सगळा कार्बनचा हिशोब तिथे वाया जातो, कारण तो स्लॅब लवकर खराब होणार आणि परत दुरुस्तीला परत सिमेंट लागणार. ट्रेनरने कॉलमला गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक लावायची पद्धत दाखवली, सकाळी एकदा भिजवलं की संध्याकाळपर्यंत ओलं राहतं, पाईप दिवसभर सोडून ठेवायची गरजच नाही. स्लॅबला मालाचे वाफे करून पाणी तुंबवायचं हे सगळ्यांना माहीत होतं.

याच्यावरून एसटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, पाण्याचा विषय निघाला. महापालिका सांगते बांधकामाला प्रक्रिया केलेलं पाणीच वापरा, आणि ते योग्यच आहे, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर भरली तरी मे महिन्यात अर्ध्या सिंहगड रोडला टँकर फिरतात, तिथे पिण्याचं पाणी भिंतीवर ओतणं बरं दिसत नाही. पण कामगारांच्या मनात शंका होती, वास येतो, हाताला खाज येईल का, सळईला गंज लागेल का. ट्रेनरने पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे ते) तपासायची पट्टी आणली होती, टँकरच्या पाण्यात बुडवून रंग दाखवला, ६ च्या खाली नको एवढं सांगितलं आणि आरसीसीसाठी (सळईच्या काँक्रीटसाठी) असेल तर क्लोराईडचा लॅब रिपोर्ट मागा म्हणाला. हातमोजे आणि बूट घालायचे, ते पाणी प्यायचं नाही, आणि पिण्याच्या पिंपावर वेगळा रंग मारायचा. आमच्या साईटवर निळं पिंप पिण्याचं, काळं कामाचं, असं त्याच दिवसापासून केलंय.

गच्चीवर त्यांनी चायना मोझाइक करून घेतलं, आमच्याच साईटवर उरलेल्या पांढऱ्या टाईल्सच्या तुकड्यांचं. पुण्यातल्या गवंड्यांना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) आणि चायना मोझाइक नवीन नाही, पण हे जुनं काम म्हणजेच आताचं कूल रूफ आहे, पांढरा रंग ऊन परत फेकतो आणि खालची खोली कमी तापते, हे पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना सांगितलं. आपल्याला येणारी गोष्ट भारी आहे हे कळल्यावर माणूस किती वेगळ्या हाताने काम करतो ते मी बघितलं. कोब्याचा उतार त्या दिवशी पाण्याची बादली ओतून ओतून तपासला त्यांनी, कुणी सांगितलं नव्हतं.

राडारोड्याचं काम सोपं ठेवलं होतं. कटरवरून निघालेले ब्लॉकचे तुकडे एका ढिगात, टाईल एका, लाकूड-प्लास्टिक वेगळं, लोखंड वेगळं. वाघोलीला महापालिकेचा राडारोडा प्रक्रियेचा प्लांट आहे, तिकडे मिसळलेला माल गेला तर त्याचा उपयोग कमी होतो. २०१६ पासून केंद्राचे राडारोड्याचे नियम आहेत पण आजही रात्रीचे डंपर नदीकाठी आणि टेकडीच्या पायथ्याला रिकामे होतात हे आपण सगळे बघतो. मला हा भाग अजून मोठा चालला असता.

चुन्याला अर्धाच दिवस दिला, आणि त्यातही जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं केलेले एक वयस्कर कारागीर आणले होते. चुना किती दिवस विरवायचा, घाण्यात (दगडी चाकाखाली) का मळायचा, गूळ आणि हिरड्याचं पाणी कशासाठी, हे ते बोलत होते आणि सगळे कान देऊन ऐकत होते. पेठांमधले वाडे एवढी वर्षं ज्या चुन्यावर उभे आहेत ते ज्ञान असलेले हात आता थोडेच राहिलेत. अर्ध्या दिवसात हात बसत नाही. यांनी चुन्याची वेगळी बॅच काढावी, मी माझे दोन गवंडी हजेरी देऊन पाठवीन.

आता एक स्टार कशाचा कापला.

सोलर आणि पावसाच्या पाण्याचा दिवस सगळा स्लाइडवर. पार्किंगमध्ये पडदा लावून लॅपटॉपवर, तोही शुद्ध हिंदीत, वर्षा जल संचयन वगैरे. आमची निम्मी मंडळी यादगीर, कलबुर्गीकडची, त्यांना कामापुरती हिंदी येते, भाषणाची नाही. मराठवाड्यातली माणसंही कंटाळली. आणि खरं शिकवायचं होतं ते राहूनच गेलं. सोलरवाले येतात, तयार वॉटरप्रूफिंगमध्ये ड्रिल मारून स्टँड बसवतात आणि पहिल्या पावसात खालचं घर गळतं, मग ठेकेदार आणि सोलरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात. स्टँडचे काँक्रीटचे पेडेस्टल (छोटे ओटे) वॉटरप्रूफिंगच्या आधी ओतून घ्यायचे आणि कोबा त्यांच्या अंगावर चढवायचा, एवढं गच्चीवर नेऊन दाखवलं असतं तर दिवस सार्थकी लागला असता. आता सोलरच्या सबसिडीमुळे प्रत्येक सोसायटीत पॅनल चढतायत, त्यामुळे हे तातडीचं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. शेवटी सर्टिफिकेटसाठी परीक्षा मोबाईलवर, पर्यायातून उत्तर निवडायचं. आमच्या मोठ्या मिस्त्रींना वाचता येत नाही. ज्यांच्या हातचा ब्लॉक शेवटच्या दिवशी ट्रेनरने उलटा करून सगळ्यांना नमुना म्हणून दाखवला, त्यांना सगळ्यात कमी मार्क. नातवाच्या वयाचा पोरगा, ज्याची भिंत अजून ओळंब्यात येत नाही, तो पहिला. मिस्त्री काही बोलले नाहीत पण सर्टिफिकेटच्या फोटोला उभे राहिले नाहीत. हाताच्या कामाची परीक्षा हातानेच घ्यायला पाहिजे, भिंत बांधून घ्या, ओळंबा लावा, ब्लॉक उचलून बघा आणि मार्क द्या. वाचून दाखवणारा एक माणूस जरी ठेवला असता तरी चाललं असतं. हे मी त्यांना सांगितलं, पुढच्या बॅचला तोंडी परीक्षा ठेवू म्हणालेत.

आणि पैशाचं बोलायलाच पाहिजे. ट्रेनिंगच्या अर्ध्या दिवसाची हजेरी कोण देणार? संस्था देत नाही. मी पूर्ण दिली, शेजारच्याने अर्धी दिली, तर त्याचे चार-पाच जण दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या साईटवर गेले, आणि त्यांचं काय चुकलं, रोजावरचा माणूस खाडा परवडत नाही म्हणूनच तर शिकायचा राहतो. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी कापला जातो, १९९६ च्या कायद्यापासून, त्या पैशातून शिकतानाची हजेरी सरसकट मिळायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. इथे संस्थेचं एक कौतुक करतो, त्यांनी एका दुपारी बसून सगळ्यांचे कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीचे कागद बघितले. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो दाखला ठेकेदाराने द्यायचा असतो आणि बरेच ठेकेदार टाळतात. टाळू नका रे, एक सही आहे फक्त, त्याच्यावर त्याच्या पोरांची शिष्यवृत्ती अवलंबून असते.

बायकांबद्दल. मावशींना फक्त बघायला बसवलं नाही, थापी हातात दिली. त्यातल्या एक जण आता आमच्याकडे ॲढेसिव्हचं सगळं काम बघतात आणि सांधे भरतात, आणि त्यांना मी बिगाऱ्याची हजेरी देत नाही, अर्ध्या गवंड्याची देतो, महिन्याभरात पूर्ण गवंड्याची करायची ठरलंय. सर्टिफिकेट मिळून हजेरी तीच राहणार असेल तर कुणी कशाला शिकेल.

साईटवर फरक काय पडला ते विचाराल तर ब्लॉकची तुटफूट कमी झाली, भिंती सरळ आल्यामुळे आतला गिलावा पातळ बसतोय म्हणजे सिमेंट आणि वाळू दोन्ही वाचतंय, आणि पाण्याचा टँकर उशिरा मागवावा लागतो. तरुण गवंड्यांपैकी एक जण बाणेरच्या मोठ्या साईटवर जास्त हजेरीवर गेला. बरेच जण म्हणाले बघ, शिकवलं आणि पळाला. मला आनंदच आहे, चांगलं काम करणारा माणूस याच शहरात काम करणार आहे.

घेणार असाल तर एवढं बघा. ब्लॉकचं काम सुरू व्हायच्या आधीचा आठवडा धरा, काम निम्मं झाल्यावर उपयोग नाही. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला त्या दिवशी सक्तीने हजर ठेवा. कन्नड बोलणारी माणसं असतील तर बुकिंग करतानाच सांगा, आता त्यांच्याकडे एक कन्नड बोलणारा ट्रेनर आलाय असं कळलं. सोलरचा दिवस गच्चीवरच घ्या म्हणून आग्रह धरा, आणि परीक्षा तोंडी हवी हे फी भरायच्या आधी लिहून घ्या. मे महिन्यात त्यांच्या तारखा भरलेल्या असतात, त्यामुळे फोन फेब्रुवारी-मार्चमध्येच करा.